डाव्या हाताच्या काना-मात्रा

गिरिजाचा लॅपटॉप म्हातारा झाला होता. झाकण उघडताना बिजागरी करकरायची. आतली बॅटरी फुगल्यामुळे तो टेबलावर सपाट बसायचा नाही, एका कोपऱ्यावर डुगडुगायचा. सोलापूरच्या उन्हाळ्यात तर दुपार झाली की असा तापायचा, की ती त्याला आजारी मुलासारखी उचलून पंख्याखाली नेऊन ठेवायची. ज्या 'मेरू' कंपनीचा तो होता, तिचं शहरातलं दुरुस्ती केंद्र कधीच बंद पडलं होतं.

एवढं सगळं उघड दिसत असताना नवा लॅपटॉप घ्यायला घरात एकाच माणसाचा विरोध होता, आणि तो माणूस म्हणजे तिचा नवरा शिवानंद.

विरोध म्हणजे तो 'नको' कधीच म्हणायचा नाही. तो म्हणायचा, 'थांब.' शिवानंद कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. खरेदीआधी अभ्यास करणं हा त्याचा धर्मच होता. उन्हाळ्यात म्हणाला, "दिवाळीला नवीन चिप येतेय, तोवर थांब." दिवाळीत म्हणाला, "पहिल्या खेपेच्या मालात खोट निघते, लोकांचे अनुभव तर येऊ देत." संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेतून परतताना तिने पुन्हा विषय काढला, तेव्हा म्हणाला, "आहे तो चालतोय की. मेरूसारखा हाताला बसणारा कीबोर्ड दुसऱ्या कंपनीत मिळायचा नाही बघ."

यातलं शेवटचं म्हणणं मात्र खरं होतं. गिरिजा कन्नडमधून मराठीत भाषांतरं करायची. माहेर धारवाडकडचं, वडील कन्नड शाळेत मास्तर, सासर सोलापूरचं. दोन्ही भाषा तिच्या घरात एका ताटात जेवायच्या. पंचवीसएक पुस्तकं तिच्या हाताखालून गेली होती आणि गेल्या सात-आठ वर्षांतली सगळी या एका यंत्रावर. मराठी अक्षरं उमटवताना तिला कधी अडखळावं लागलं नव्हतं. त्याचं कारण होतं 'सावर'.

सावर ही मेरूची करामत. माणूस टंकताना सतत चुकत असतो. बोट अर्धा इंच सरकतं, एखादं बटण हलकं दाबलं जातं, एखादं उशिरा. जुनी यंत्रं शब्द चुकल्यावर त्याखाली लाल रेघ ओढायची. सावर तसं करायचं नाही. ते काही महिने नुसतं शिकायचं: या माणसाचं कुठलं बोट बटणावर किती वेळ रेंगाळतं, कुठल्या अक्षरानंतर कुठल्या अक्षरावर जाताना किती वेळ घेतं. त्यातून यंत्राच्या पोटात त्या माणसाच्या हातांची एक प्रतिकृती तयार व्हायची. या धंद्यातले लोक तिला 'हातवळण' म्हणत. मग बोट चुकलं तरी ते कुठे निघालं होतं हे यंत्राला ठाऊक असायचं, आणि पडद्यावर बरोबर तेच अक्षर उमटायचं. चूक दुरुस्त झाली असं वाटायचंच नाही, कारण चूक झालेली कुणाला दिसायचीच नाही.

फाल्गुनात एक दिवस लॅपटॉपने काम चालू असतानाच मान टाकली. अर्धं प्रकरण गेलं. गिरिजाने शिवानंदला काही विचारलं नाही. उन्हामुळे दुपारभर बंद राहणारा बाजार संध्याकाळी उघडला, तशी जुना लॅपटॉप पिशवीत घालून ती रिक्षाने नव्या पेठेत गेली.

दुकानात लावण्या गड्डम नावाची पंचविशीतली मुलगी होती. तिने 'तरंग' कंपनीचा लॅपटॉप पुढे ठेवला. अंगाने सडपातळ, बटणं कुजबुजल्यासारखी चालणारी. "मॅडम, टाइप करून बघा की. हात लावल्याशिवाय कसं कळणार?"

कुठलाही कीबोर्ड तपासायचा तर गिरिजा एक ठरलेली ओळ लिहायची. तिचे वडील, अप्पा, म्हणायचे ते कन्नड वाक्य तिने लहानपणी मराठीत आणलं होतं: विहिरीतलं पाणी गोड आहे, दोर मात्र लांब हवा. तिने न बघता ती ओळ टंकली आणि मान वर केली.

पडद्यावर लिहिलं होतं: वहरतल पण गड आह, दर मत्र लब हव.

"हा बिघडलाय," गिरिजा म्हणाली.

लावण्याने दुसरा आणून दिला. गिरिजाने पुन्हा टंकलं. वहरतल पण गड आह. या खेपेला 'हवा'चा काना तेवढा आला होता.

"काकू, थांबा," लावण्या म्हणाली. मॅडमची काकू केव्हा झाली हे तिलाही कळलं नसावं. "हा नवा आहे ना, याला अजून तुमचा हात माहीत नाही. जुन्यातलं हातवळण यात घालते. आता नियमच झालाय, हातवळण कंपनीचं नाही, गिऱ्हाइकाचं. कुठल्याही कंपनीत घेऊन जाता येतं."

तिने दोन्ही यंत्रं शेजारी ठेवली, जोडली. जुनं कण्हत कण्हत सुरू झालं. थोड्या वेळाने नव्या पडद्यावर दोन हातांची चित्रं उमटली. उजवा हात हिरवागार होता. डावा करंगळीपासून अंगठ्यापर्यंत केशरी.

लावण्याचं हसू थोडं उतरलं. "काकू, डाव्या हाताला कधी लागलं होतं का? फ्रॅक्चर वगैरे?"

"नाही गं. का?"

"उजव्याला सावर नावालाच लागतंय. डाव्याला मात्र जवळजवळ पूर्ण. आणि एकदम नाही, हळूहळू वाढत गेलंय." तिने पडदा गिरिजाकडे वळवला. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मी काही डॉक्टर नाही. पण तुम्ही एकदा दाखवून घ्या."

गिरिजा त्या केशरी हाताकडे बघत राहिली. मराठीच्या ज्या कीबोर्डावर तिने आयुष्य काढलं, त्यावर व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला असतात आणि काना, मात्रा, वेलांट्या, उकार डाव्या हाताला. म्हणजे समोरची ओळ बिघडलेल्या यंत्राने लिहिलेली नव्हतीच. उजव्या हाताने आपलं काम चोख केलं होतं. डाव्याला जे जमलं नाही, तेच नेमकं ओळीतून गळालं होतं.

"पण मला कधीच कसं कळलं नाही?" तिने विचारलं.

"सावर चालू असल्यावर कसं कळणार? पण ते विचारल्याशिवाय वाढवत नाही हं. एवढं वाढवायचं तर मालकाच्या फोनवर सूचना येते. वाढवू का, म्हणून. डॉक्टरांना दाखवा, असंही लिहिलेलं असतं त्यात."

"मला नाही आली कधी."

"लॅपटॉप तुमच्याच नावावर आहे ना?"

गिरिजाने जुना लॅपटॉप परत पिशवीत घातला. पिशवी उचलली आणि ती बाहेर पडली. रिक्षात बसल्यावर तिने दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून पाहिले. दोन्ही सारखेच दिसत होते.

शिवानंद गॅलरीत चहा घेत बसला होता. गिरिजाने जुना लॅपटॉप त्याच्यापुढच्या स्टुलावर ठेवला. तो नेहमीसारखा एका कोपऱ्यावर डुगडुगला.

"अहो, सावर कुणी वाढवलं?"

त्याने कप खाली ठेवला. काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. एवढं पुरेसं होतं. इतकी वर्षं संसार केल्यावर माणूस खोटं शोधायला निघालाय हे बायकोला त्याच्या मानेवरून कळतं. आणि त्याने तो शोध अर्ध्यावर सोडून दिला हेही तिला दिसलं.

"मी," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"तीन वर्षं होतील."

खालून कुणाचीतरी स्कूटर गेली. गिरिजा दाराच्या चौकटीला टेकली.

"काय आहे मला?"

"मला नक्की नाही माहीत. कुणालाच दाखवलं नाही, तर नक्की कसं कळणार?" तो म्हणाला. "पण मी वाचलं. बोट बटणावर जास्त वेळ रेंगाळायला लागतं, एकाच हाताचं, आणि ते वाढत जातं. थरथर दिसायच्या कितीतरी वर्षं आधी. मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी कमी व्हायला लागल्या की पहिल्यांदा असंच काहीतरी बारीक बिघडतं. तुझ्या अप्पांचं…"

"अप्पांचं नाव घेऊ नका."

अप्पांना कंपवात होता. शेवटची सात वर्षं गिरिजाने त्यांचं केलं होतं. धारवाडच्या घरात, पुढे इथे आणून. ज्या हाताने फळ्यावर मोत्यासारखी अक्षरं काढली, तो हात ताटातला घास तोंडापर्यंत नेऊ शकत नव्हता, हे तिने रोज दोन वेळा पाहिलं होतं.

"घेतलंच पाहिजे," शिवानंद म्हणाला. "ते गेले त्या दिवशी तू काय म्हणाली होतीस आठवतं? म्हणालीस, मला असं काही झालं तर मला सांगू नका. जेवढे दिवस कळणार नाही तेवढे माझे."

"बाप गेला होता माझा! रडत होते मी. रडणाऱ्या बाईचं बोलणं तुम्ही कोर्टाचा हुकूम समजलात?"

"तेव्हा यावर उपायच नव्हता, गिरिजा. ज्याला उपाय नाही ते सांगून काय करू, असं वाटलं. तू ती मोठी कादंबरी घेतली होतीस हातात. खूश होतीस. फोनवर ते विचारायचं, वाढवू का. मी 'हो' म्हणायचो. तुझं काम चाललं की मला वाटायचं, बरी आहे."

"आणि औषध आलं त्याचं काय? पेपरात पहिल्या पानावर होतं. लवकर सुरू केलं तर आजार जागच्या जागी धरून ठेवतं. तुम्ही वाचलं नाहीत?"

"वाचलं."

"मग?"

त्याने डुगडुगणारा लॅपटॉप हाताने स्थिर धरला. "तोवर एक वर्ष लपवून झालं होतं," तो म्हणाला.

तिला त्या वाक्यातलं सगळं कळलं. एक वर्ष लपवल्यावर सांगायचं म्हणजे आधी ते वर्ष सांगायचं. ते नको म्हणून आणखी एक. नवी चिप, दिवाळी, लोकांचे अनुभव, सगळं त्या एका गोष्टीवर घातलेलं पांघरूण होतं. कंपनी बदलली की हात उघडा पडणार होता. म्हणून हा भौतिकशास्त्राचा मास्तर एका मोडक्या लॅपटॉपला तीन वर्षं जीव तोडून जगवत बसला होता.

"मला नव्हतं कळत असं नाही," ती हळू म्हणाली. "भाकरी थापताना एका बाजूला जाड राहायची. ब्लाउजची बटणं लागायची नाहीत. वय झालं म्हणायचे मी. म्हटलं, वयाने होत असतं, तर मग टंकायला कसं जमतंय? टंकायला जमतंय, म्हणजे हात ठीक आहे. त्या यंत्राकडे बघून मी स्वतःवर विश्वास ठेवत होते हो."

शिवानंदने हात पुढे केला. तिने तो घेतला नाही. त्या दिवसापासून ती आतल्या खोलीत निजायला लागली.

पुढचे दिवस घरात बोलणं कामापुरतंच राहिलं. चहा झालाय. गॅस संपलाय. गिरिजाने कुणाला फोन केला नाही. तिने नव्याने पुरं झालेलं भाषांतर काढलं आणि वाचत बसली. त्यात एक वाक्य होतं, ज्याच्यावर ती स्वतःच खूश होती. मूळ कन्नडमध्ये नुसतं 'तिला सुचेनासं झालं' होतं, तिथे तिने 'कासावीस' शब्द घातला होता. आता तिला प्रश्न पडला, हा शब्द मीच घातला ना? 'क' आणि 'स' मी दाबले असतील. बाकीचं त्याने सावरलं असेल. की मला 'कसंसं' म्हणायचं होतं आणि त्याने आपल्या मनाने वळवलं? आठवून आठवून ती थकली. उत्तर मिळण्यासारखं नव्हतं. तिच्या हाताचं कुठपर्यंत आणि यंत्राचं कुठून, ही सीमा कुणीच आखून ठेवलेली नव्हती.

तिला सगळ्यात जास्त राग आला तो याचाच. आजार आज ना उद्या आलाच असता. पण तिचा हात तिच्याशी काहीतरी बोलत होता, आणि दोघांनी मिळून, नवऱ्याने आणि यंत्राने, त्याच्या तोंडावर हात ठेवला होता. प्रेमाने ठेवला होता, हे तिला समजत होतं. समजल्याने राग कमी होत नव्हता, उलट कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं.

एका सकाळी ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. तुम्ही यायचं."

"येतो की."

"नुसतं यायचं नाही. कधीपासून आहे, असं त्या विचारतील. मी उत्तर देणार नाही. ते तुम्ही द्यायचं."

शिवानंदचा चेहरा पडला. शहरात अर्धे डॉक्टर त्याचे विद्यार्थी. बिराजदार सर म्हटलं की रस्त्यात लोक थांबून वाकायचे. पण तो "बरं" म्हणाला.

डॉ. नाझनीन शेख हळू बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी गिरिजाला अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर भराभर टेकवायला सांगितलं. उजव्या हाताने ते टिपऱ्यांसारखं झालं. डाव्याच्या पहिल्या चार-पाच टिचक्या बऱ्या गेल्या, मग बोटांमधलं अंतर कमी कमी होत गेलं आणि शेवटी ती एकमेकांना चिकटल्यासारखी थांबली. बाईंनी तिला खोलीभर चालायला लावलं. "डावा हात हलत नाहीये चालताना, बघितलंत?" त्या म्हणाल्या. गिरिजाने तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

ती परत खुर्चीवर बसली. डॉक्टरांनी विचारलं, "हे कधीपासून जाणवतंय?"

गिरिजा समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.  

"तीन वर्षांपासून," शिवानंद म्हणाला. "तिला नाही, मला. लॅपटॉपने माझ्या फोनवर कळवलं होतं. मी तिला सांगितलं नाही. औषध आल्यावरसुद्धा सांगितलं नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सर, मी तुमच्या कॉलेजची," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण सूटही नव्हती. "तेव्हा आला असतात तर जास्त हातात राहिलं असतं. हे मी तुम्हाला सांगितलंच पाहिजे. ज्या पेशी गेल्या त्या गेल्या." मग त्या गिरिजाकडे वळल्या. "ज्या आहेत त्यातल्या बऱ्याचशा टिकवता येतील. दर महिन्याला एक इंजेक्शन, रोज एक गोळी, रोज व्यायाम. वडिलांच्या वेळेस यातलं काहीच नव्हतं. तुमचं त्यांच्यासारखं होईल असं धरून चालू नका."

"मी लिहू शकेन?"

"लिहाल. किती वर्षं, ते मी आज सांगणार नाही. खोटं पडेल."

बाहेर व्हरांड्यात शिवानंद बाकावर बसला आणि त्याने चष्मा काढून डोळे पुसले. गिरिजा उभीच होती.

"आज तुम्ही बोलला नसतात," ती म्हणाली, "तर मी धारवाडला गेले असते. बॅग भरून ठेवली होती."

"पाहिली होती मी," तो म्हणाला. "कपाटाखाली."

"आणि मला विचारलं नाहीत?"

"विचारायचा हक्क कुठे उरला होता?"

त्याच संध्याकाळी दोघं नव्या पेठेत गेली. या वेळी शिवानंदने एकही आकडा काढला नाही, कुणाचा अनुभव सांगितला नाही. तो काउंटरच्या कडेला उभा राहिला आणि गिरिजा बोलली.

"मेरूचं नवं मॉडेलही आलंय, काकू," लावण्या म्हणाली. "तुमच्या हाताला सवयीचं पडेल. सावर एवढं छान आहे की तुम्हाला काही जाणवणारसुद्धा नाही."

"म्हणूनच ते नको. तरंगमध्ये काय आहे?"

"यातही सावर आहे. पण यात जिथे जिथे यंत्राने मदत केली, त्या अक्षराखाली बारीक टिंब उमटतं. पुष्कळ लोकांना ते आवडत नाही. खुपतं म्हणतात."

"खुपू दे. हाच दे. आणि माझ्या नावावर कर. सूचना माझ्याच फोनवर."

लावण्याने सगळं भरलं. शेवटी यंत्राने विचारलं, आणखी कुणाला सूचना पाठवायच्या का? लावण्याने सहज शिवानंदकडे पाहिलं. शिवानंदने दुकानाबाहेर पाहिलं. "ती जागा रिकामी राहू दे सध्या," गिरिजा म्हणाली.

उन्हाळा गेला. औषधं सुरू झाली. पहिल्या इंजेक्शनने मळमळ झाली, दुसऱ्याने कमी. सकाळी शिवानंद तिच्याबरोबर चालायला जायचा आणि न बोलता तिच्या डाव्या बाजूने चालायचा. तिचा हात हलायचा थांबला की म्हणायचा, "हात." ती चिडायची, पण हात हलवायची. एका रविवारी ती आपली उशी घेऊन परत बाहेरच्या खोलीत आली. 

कामासाठी तिने सावर चालूच ठेवलं. आधी तिला वाटलं होतं, बंदच करावं. मग वाटलं, चष्मा लावून वाचणारा माणूस काही फसवत नाही. तिचं पान आता टिंबांनी भरलेलं असायचं, बाजरी सांडल्यासारखं. कधी एखादं पान कमी टिंबांचं यायचं, कधी जास्त. एखादा शब्द तिचा की यंत्राचा, हे आता तिला दिसत होतं, आणि यंत्राचा आवडला नाही तर ती तो काढून आपला घालायची. वेळ लागायचा. प्रकाशकांना तिने कळवून टाकलं होतं की यापुढे वेळ लागेल.

फक्त रविवारी सकाळी ती सावर बंद करायची आणि अर्धं पान मनाला येईल ते लिहायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, महिन्याला असं एखादं पान आणत जा, मला उपयोग होईल. ते पान छापून ती शिवानंदपुढे ठेवायची. पहिल्या वेळी त्याने ओझरतं बघून परत दिलं होतं. "वाचा," ती म्हणाली होती. त्याने मनातल्या मनात वाचलं आणि मान हलवली. दुसऱ्या वेळी त्याने मोठ्याने वाचलं, पण सगळ्या काना-मात्रा आपल्या पदरच्या घालून, न अडखळता, जणू पान धडधाकटच होतं. गिरिजाने पान काढून घेतलं होतं.

श्रावणातल्या एका रविवारी तिने पान पुढे केलं, तेव्हा तो शेंगा सोलत बसला होता. हात पुसून त्याने कागद घेतला. चष्मा वर सरकवला, पुन्हा खाली आणला, आणि वर्गात हजेरी वाचावी तशा स्वच्छ आवाजात वाचायला लागला.

"कल रत्र भकर करपल," तो म्हणाला, "तर तमह गपचूप खललत."

गिरिजाने चमकून वर पाहिलं.

"काय वाचताय?"

"लिहिलंय ते."

"अर्थ नाही लागला का?"

"लागला की. काल रात्री करपली होती भाकरी, आणि मी गुपचूप खाल्ली. पण तू लिहिलंस ते असं आहे. मी कशाला बदलू?"

तो पुढे वाचत गेला. दर ओळीला शब्द उघडेबोडके येत होते, अर्थाच्या कडेकडेने चालत होते, मध्येच एखादा भलतंच काहीतरी होऊन बसत होता. 'शेजारच्या मावशी' 'शजरचय मवश' झाल्या, तेव्हा गिरिजाला हसू आवरलं नाही. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि ती आणखीच हसली. शिवानंद हसला नाही. तो गंभीरपणे वाचत राहिला, एकही अक्षर न सावरता.

पान संपलं तेव्हा त्याने बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. "हे बघितलंस? गपचूप. यातला दुसरा उकार तुझा आहे. दीर्घ. नेमका जागेवर."

"दाखवा," गिरिजा म्हणाली, आणि पान बघायला त्याच्याजवळ सरकली.